आईचा खिळा

आधीच सांगते... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, मोजून बघितल्याशिवाय साधा बोल्ट पास करत नाही. पप्पा तर माझ्याही वरताण. घरात बुद्धवंदना रोज होते, पण भूत, करणी, नजर असलं कुणी काही काढलं की पप्पा म्हणतात, "पुरावा दाखव, मग बोल."

गेल्या वर्षी आम्ही पुनावळ्यात फ्लॅट घेतला. त्याआधीचं सगळं आयुष्य आकुर्डीत, भाड्याच्या खोल्यांत गेलं. खोली बदलायची, घरमालक बदलायचा, अट मात्र तीच – भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आई-पप्पांच्या लग्नाचा फ्रेम केलेला फोटो त्यामुळे कायम कपाटावर टेकून उभा. आईचं एकच स्वप्न होतं... स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने खिळा ठोकायचा.

आणि नव्या घराच्या भिंती निघाल्या काँक्रीटच्या! विटा नाहीतच, साच्यात ओतलेलं सगळं. आईने ठोकलेले खिळे एकामागून एक वाकले. पप्पांनी मित्राचं ड्रिल आणलं, तर आत सळई लागून बिटच तुटलं. मी चिकटवायचे हुक आणले. आईने ते हातात धरून बघितले आणि परत ठेवून दिले.

"घर कसलं हो हे, खिळासुद्धा घेत न्हाई," ती पप्पांना म्हणाली. "हे बी दुसऱ्याचंच वाटतंय. आकुर्डीची खोली अजून सोडली न्हाई न्हवं? मी जाते तिकडंच."

आम्हाला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. पण दोन दिवसांनी तिने खरंच भांडी बांधायला काढली. मला रडूच आलं. तिच्यासाठीच तर घेतलं होतं घर!

रविवारची सकाळ होती. मी चहा टाकत होते. आई वरवंटा पिशवीत भरायला निघालेली, ती हॉलमधल्या, सगळे खिळे वाकवणाऱ्या त्या भिंतीशी थांबली. पुड्यातला एक साधा खिळा उचलला, भिंतीला लावला आणि वरवंट्याने हाणला.

खिळा आत गेला... पिकल्या केळ्यात जावा तसा.

"अहो, गेला! गेला बघा!"

पप्पा दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आले. खिळा ओढून बघितला – जागचा हलेना. त्याच पुड्यातला दुसरा त्यांनी चार बोटं बाजूला ठोकला – वाकला. आईने तिसरा ठोकला – तोही वाकला!

मी म्हटलं, तेवढीच जागा पोकळ असणार. साइटवरच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने भिंत ठोकून, वाजवून बघितली. "मॅडम, इथं सॉलिड काँक्रीट आहे. साधा खिळा जाऊच शकत नाही." त्या खिळ्यावर टांगलेल्या फोटोकडे बघतच तो हे बोलत होता.

"जाऊ शकत नाही, पण गेलाय ना राव!" पप्पा म्हणाले. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. आकुर्डीच्या घरमालकाला तिने तोवर फोनही केला होता – खोली सोडली, दुसरा भाडेकरू बघा.

कारण मला आजही सापडलेलं नाही. पप्पांनाही नाही, आणि त्याचा त्यांना भारी त्रास होतो. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा... आईला मात्र सांगू नका.

परवा समोरच्या फ्लॅटमधली नवी सून आली. "काकू, आमच्याकडे पण एक खिळा ठोकून द्या ना."

आईने वरवंटा तिच्या हातात दिला. "घेऊन जा बाई. पण ठोकायचा तूच. घर तुझं हाय."