भासऱ्यामागे दीड दिवस

आईचं काही खरं नाही, असा निरोप आला तेव्हा नवरा घुग्घुसला खाणीत ड्युटीवर होता. म्हणून मला माहेरी पोचवायला माझे मोठे दीर निघाले. आमच्याकडे त्यांना भासरा म्हणतात. कोरपन्यापर्यंत बस आणि पुढे डोंगरातून दीड दिवसाची पायवाट. ऐंशीच्या दशकात तिकडे सडक कुठली!

भासऱ्याशी बोलायचं नाही, त्यांच्या पुढे चालायचं नाही, ही आमच्या घरची रीत. घरात पोरं असत, त्यांच्या तोंडून काम भागायचं. "मोठ्या बाबाले सांग, जेवाले वाढलं." डोंगरात पोरं कुठून आणणार? डोक्यावर पदर घेऊन, दहा पावलं मागे राहून, मी त्यांच्या टाचांकडे बघत चालत होते.

पहिला दिवस बरा गेला. रात्री एका ओळखीच्या घरी थांबलो. सकाळी एक नाला ओलांडला आणि पुढे वाटेला दोन फाटे फुटले. भासरे उजवीकडे वळले. माझं माहेर तर डावीकडे! मी बांगड्या वाजवल्या, दोनदा खोकले. त्यांनी मागे न बघता पाण्याचा डबा वाटेत ठेवला आणि पुढे गेले. मला ठसका लागला असं वाटलं असावं बिचाऱ्यांना.

इतके ताठ चालताहेत म्हणजे त्यांना वाट ठाऊक असणार, असं मला वाटलं. मग वाटलं, मीच चुकत असेन. लग्नानंतर चार वर्षांत मी इकडे आलेच नव्हते. वणवा नुकताच येऊन गेलेला. जिकडे बघावं तिकडे काळी जमीन आणि उघडे साग. एक टेकाड चढून उतरलो की पुन्हा तसंच टेकाड. चकवा लागला की काय? आई आठवली की भासऱ्यांचा असा राग यायचा, की वाटायचं दगडच मारावा. आणि लगेच लाज वाटायची, कारण त्यांची ही तंगडतोड माझ्याचसाठी होती.

दुपारी खाली उतरलो तर समोर तोच नाला. वाळूत सकाळचे आमचेच पाय उमटलेले. भासरे तिथे नुसते उभे राहिले. मी काही न बोलता त्यांच्या पुढे गेले आणि डावी वाट धरली. ते मागून आले.

दिवस बुडताना घरी पोचलो. आईचा श्वास चालू होता, पण ती मला ओळखत नव्हती. उशाशी बसलेली मावशी म्हणाली, "दुपारपावतो बोलत होती व माय. तुलेच विचारून राह्यली होती, अजून आली काऊन नाई म्हून."

भासरे दारातच होते. त्यांनी ते ऐकलं. चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलले. "पोरी, मले वाट सापडून नाई राह्यली होती. तुले माहीत होती, त बोलली काऊन नाई?"

मला ओरडावंसं वाटलं. पण मी पदर पुढे ओढला आणि गप्प बसले. सवयीनं की रागानं, हे मला अजूनही कळत नाही.

आई तिसऱ्या दिवशी गेली. तोवर मी तिच्या कानाशी सारखी बोलत राहिले. तिला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे.