परत मागितलेला रेडिओ

माझी जाऊ विमलबाई कुणापुढं हात पसरणारी न्हाई. मीठ संपलं तर अळणी खाईल, पण माझ्या दारात येणार न्हाई. एवढा ताठा! म्हणून हुलसूरच्या विहारात ती दान परत मागायला आली तवा माझं डोकंच फिरलं.

तिचा प्रेमानंद धडधाकट पोरगा, पण त्याच्या कानात आवाज येतेत. कुणीतरी दिवसभर शिव्या देतंय म्हणतो. बीदरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, तरी आवाज पुरते गेले न्हाईत. त्यावर त्याचा स्वतःचा इलाज म्हणजे रेडिओ. कन्नड बातम्या, हिंदी गाणी, नुसती खरखर, काहीबी चालायचं. रेडिओला कुणी हात लावला की खवळायचा.

वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, मात्र पोरगं एकदम निवांत झालं. येरझाऱ्या थांबल्या. विहारात जाऊन आधी स्वेटर दान दिला, मग घड्याळ. आमच्यात दानाला लई मान. विहार सांभाळणाऱ्या भीमराज अप्पांनी पाठ थोपटली, सगळे "साधू, साधू" म्हणाले. मला वाटलं, सुटली बिचारी विमलबाई एकदाची!

पौर्णिमेला त्यानं रेडिओबी दिला आणि घरी गेला. विमलबाई चुलीपुढं होती. रेडिओ कुठाय म्हणून तिनं विचारलं, त्यानं सांगितलं. मग तिनं सरळच विचारलं, "प्रेमा, मरायचं ठरवलास काय रे?"

"व्हय," तो म्हणाला. चहा घेतोस का विचारल्यावर म्हणावं तसं.

ती रडली न्हाई, ओरडली न्हाई. थोरल्या पोराला, राजपालला, त्याच्याजवळ बसवलं आणि पिठाच्या हातानंच विहारात आली. आम्ही खीर खायलो होतो.

"दिलेलं दान परत घेतेत का, अक्का?" अप्पा म्हणाले.

"दान न्हाई ते, अप्पा. एकेक वस्तू वाटून पोरगं जीव द्यायची तयारी करायलंय."

अप्पांनी वाटी खाली ठेवली, रेडिओ तिच्या हातात दिला आणि जीप काढायला लावली.

बीदरला त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं, गोळ्या बदलल्या. विमलबाई खाटेजवळ नुसती बसून. डबा पुढं केला की खायची, न्हाईतर न्हाई.

"रड की गं जरा," मी म्हणलं.

"काहीच वाटंना बघ," ती म्हणाली.

आता तो घरी आहे. बरा झाला असं म्हणवत न्हाई. रेडिओ वाजतो आणि भाकरी थापताना विमलबाईचा कान तिकडंच. मला त्या खरखरीचा वैताग येतो, पण मी गप बसते.

परवा मी तिच्याकडं बसले होते तवा रेडिओ मधेच बंद पडला. विमलबाई ताडकन उठली, परात लवंडली, तशीच खोलीकडं पळाली. मागं मी.

प्रेमानंद रेडिओ उघडून बसला होता.

"सेल संपलेत, आई. उद्या बाजारातून आण."

"आणते की," म्हणून ती तिथंच उंबऱ्यात बसली.

"उद्या म्हणाला गं," ती मला म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली.