चाचांच्या खिशातल्या गोळ्या

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाहीये. आईलापण नाही. थांबलो तर सगळं खोडून टाकीन, म्हणून भराभर टाइप करतोय.

दिघीत आमच्या घराखालीच सलीमचाचांचं टू-व्हीलरचं गॅरेज. हार्टमध्ये स्टेंट बसवलेला. रोज सकाळी चहासोबत चाची त्यांच्या हातावर ॲस्पिरिनची छोटी गोळी ठेवायच्या. मी फार्मसी शिकतो म्हणून चाचा मला डॉक्टरसाब म्हणायचे — आणि मला ते आवडायचं. खूप.

तेव्हाच कॉलेजात थ्रॉम्बॉक्सेन शिकवलेलं. काय भारी वाटलेलं राव! प्लेटलेट ते सोडतात, मग बाकीच्या प्लेटलेट धावत येऊन चिकटतात, रक्ताची गुठळी होते. ॲस्पिरिन नेमकं तेच बनू देत नाही. कुणाला सांगू अन् कुणाला नको असं झालेलं. आणि चाचांना दाढ काढायची होती.

"डॉक्टरसाब, ह्या गोळीनं रक्त थांबंल का न्हाई?"

मी गॅरेजातच बसून अख्खं लेक्चर दिलं. वर म्हणालो, आठवडाभर आधीच बंद करा. हार्टच्या डॉक्टरांना विचारू का, म्हणाले. "मी आहे ना चाचा! आणि चाचींना नका सांगू, उगाच घाबरतील."

तेच थ्रॉम्बॉक्सेन स्टेंटमध्येही गुठळी करतं — मला माहीत नव्हतं? होतं. पुढच्याच पानावर होतं.

दाढ काढायच्या आधीच चाचा गॅरेजात कोसळले. स्टेंटमध्ये गुठळी. हॉस्पिटलला पोचेपर्यंत गेले.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं — पुढचं चूक नाहीये.

गॅरेजच्या शर्टाच्या खिशात चाचींना गोळ्या सापडल्या. त्यांनीच हातावर ठेवलेल्या. मूठ उघडून मला दाखवल्या. "गिळतच नव्हते रे. का? जगायचंच नव्हतं का त्यांना? माझा कंटाळा आलेला का?"

उत्तर माझ्याकडे होतं ना. एका वाक्याचं.

मी म्हणालो, "कंटाळले असतील, चाची. रोजच्या गोळ्यांना कंटाळतात माणसं."

तेव्हापासून त्या हेच धरून बसल्यात. भेटेल त्याला विचारतात — माझं काय कमी पडलं?

ईदला जिना चढून शीरखुर्मा घेऊन आल्या. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा, म्हणाल्या. मी वाटी घेतली. त्या समोर उभ्या होत्या, आणि मी सगळा खाल्ला.