गायधनी मॅडमच्या हाताखाली

गायधनी मॅडम गेल्याचं वॉर्डातल्या मावशींनी दारातूनच सांगितलं, तेव्हा मी लेबर रूममध्ये होते. समोर कळा देणारी बाई, शेजारी शिकाऊ मुलगी. मी "बरं" म्हटलं आणि पुन्हा पोटावर हात ठेवून बाळाच्या ठोक्यांकडे कान लावला. बाळ झालं, रडलं, आणि मगच मला रडू फुटलं. मॅडमना हाच क्रम पसंत पडला असता...

याला आता महिना होत आला. त्या आठवतात त्या मात्र चपला वाजवत वॉर्डातून झपाझप चालणाऱ्या. नव्वदच्या दशकात मी मनमाडहून नाशिकला नर्सिंग शिकायला आले, तेव्हा त्या आमच्या ट्यूटर होत्या. वर्गात बाहुलीवर बाळंतपण शिकवून झालं की म्हणायच्या, बाहुलीला कळा येत नाहीत, चला वॉर्डात. तिथले डॉक्टर म्हणत, मुलींनी नुसतं बघावं. मॅडम त्यांच्याशी भांडत. मुलींचा हात बसला पाहिजे, मी उभी आहे ना, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

शेवटच्या वर्षी आम्हाला त्यांनी पेठकडच्या आरोग्य केंद्रात नेलं. एका सकाळी पाड्यावरून जीप आली. आत यमुना, पहिलटकरीण, आणि तिची सासू. डॉक्टर दुसऱ्या गावी शिबिराला गेलेले. मॅडमनी यमुनाला तपासलं, तिच्याशी दोन शब्द बोलल्या आणि मला म्हणाल्या, "ही केस तुझी."

काय आनंद झाला होता मला! तो डोकं बाहेर येईपर्यंत टिकला. मानेभोवती बोट फिरवलं तर नाळेचा वेढा लागला, आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं. हात जागीच थांबले. मॅडम माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. दुसऱ्या कुणी मला बाजूला सारलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सैल आहे की घट्ट?"

"सैल."

"मग?"

त्या एका 'मग'नं माझे हात सुटले. वेढा अलगद डोक्यावरून काढला. बाळ आलं, पण निळसर, गळाठलेलं. सासू दारातून विचारत होती, "पोर रडत का नाय?" मी त्याला कोरडं केलं, तोंड साफ केलं, पाठ चोळत राहिले. मॅडमनी श्वास द्यायची पिशवी हातात धरून ठेवली होती. आणि मग ते रडलं, अख्खं केंद्र दणाणेल असं! यमुना हसली. "पोरीच्या हाताला यश हाय," सासू म्हणाली, आणि मी व्हरांड्यात अक्षरशः उड्या मारल्या.

मॅडमनी मला पायरीवर बसवून चहा दिला आणि घडलेलं सगळं माझ्याच तोंडून ऐकलं. मी चुकांपासून सुरुवात केली. त्यांनी अडवलं. चुका सांगायला जग बसलंय, आधी बरोबर काय केलंस ते सांग, म्हणाल्या. शेवटी मी कबूल केलं, की मी फार घाबरले होते.

"मीही घाबरले होते गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हातमोजे घालून उभी होते."

पुढे मी त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले. निवृत्तीनंतर त्या निफाडला भावाकडे राहायला गेल्या, तरी फोनवर पहिला प्रश्न मुलींचाच असे. कुणाचा हात बसला, कोण अजून भिते...

आमच्या लेबर रूममध्ये टेबलाशेजारी एक लाकडी चौरंग आहे. बुटक्या मुलींचा हात नीट पोचावा म्हणून मॅडमनी सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला. परवा सुरगाण्याची सविता त्यावर उभी राहून पहिलं बाळंतपण करत होती. मी शेजारी हातमोजे घालून. मुलगी झाली, खणखणीत रडली. सविता खाली उतरायचं विसरून चौरंगावरच हसत उभी राहिली. मीही तिला उतर म्हटलं नाही.