उलटा छापलेला माणूस

माझा नवरा बॉक्सर होता. देशपातळीवरचं विजेतेपद त्याने रोह्यात आणलं आणि गावाची एक सवयच बदलली. नदीपलीकडच्या अष्टमी गावाच्या पुलावर ओळखीची दोन माणसं भेटली की हात जोडत नाहीत, मुठी वर करतात. आखातातून सुट्टीवर आलेली मोहल्ल्यातली मंडळीसुद्धा. तो गेल्यावरही हे थांबलेलं नाही. मी बाजारात निघाले की समोरून मुठी वर होतात. मीही करते, हातात पिशवी असली तर एकच. त्यापुढे कुणी थांबत नाही. नमस्कार त्याला असतो.

तो डावखुरा होता. सासूने लहानपणी उलथन्याचे फटके देऊन त्याला उजव्या हाताने जेवायला, लिहायला, प्रसाद घ्यायला लावलं. डावा मोकळा सुटला तो रिंगमध्येच. तिथे उजवा हात पुढे आणि डावा हनुवटीशी, राखून ठेवलेला. "भायेर सगळीकडं आयेचा हात, हितं माझा," असं म्हणायचा.

तो गेला तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला पुढारी, दुसऱ्या बाजूला हा. मूळ फोटोत याचं तोंड पुढाऱ्याकडे नव्हतं, पाठ होती. ते बरं दिसेना म्हणून फ्लेक्सवाल्याने फोटो आरशातल्यासारखा उलटा केला, आणि डावखुरा माणूस उजवा झाला. तोच फोटो मग रिक्षांच्या मागे, टी-शर्टवर, व्यायामशाळेच्या भिंतीवर गेला. मी घरात दुखवट्यात होते. माझं लक्ष गेलं तोवर सगळं छापून झालं होतं.

यंदा मंडळाने गणपतीच्या देखाव्यात त्याचा पुतळा ठेवायचं ठरवलं. काम पेणला, माझ्या थोरल्या भावाच्या कारखान्यात. त्याने बघायला बोलावलं म्हणून गेले. रंगाची वाट बघणाऱ्या गणपतींच्या रांगेपलीकडे हा उभा होता. डावा हात पुढे.

"दादा, हात उलटे आहेत."

"मंडळानं फोटो दिला तसंच केलंय गो."

"इतक्या वेळा त्याच्या पंगतीला बसलास. तो डावखुरा होता हे तुला माहीत नाही?"

"जेवताना तर उजव्यानंच जेवायचा की!"

मंडळाशी मीच बोलते म्हटलं. दादाने मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावून दिला.

"वहिनी, पोरांना तो तसाच ठाऊक हाय," ते म्हणाले. "आता कशाला बदलताय? कोण बघतंय?"

"मी बघतेय."

शेजारी सोंड घासत बसलेल्या कारागिराने मान वर केली. "ताई, डाव्या सोंडेचा गणपती घरात सोपा. उजव्याचं सोवळं लय कडक. तुम्हाला नवरा सोपा पायजे का कडक?"

"होता तसा."

दादाने मंडळाला काय सांगायचं ते सांगितलं आणि करवत घेतली. दोन्ही हात खांद्यापासून काढावे लागले, पायही बदलावे लागले. नेमकं कसं ते दाखवायला मीच उभी राहिले. घरी सरावाला त्याचे ठोसे मी झेलायचे, त्यामुळे ते अंगात होतं. साडी खोचून उजवा पाय पुढे टाकला, मुठी धरल्या. कारागीर हसले. "दादा, सरका मागं, तुमचा नंबर लागल!"

देखावा उघडला त्या संध्याकाळी मी पहिल्या रांगेत होते. पडदा सरकला, टाळ्या वाजल्या आणि मग कुजबुज सुरू झाली. "अरे, उलटा बनवला पेणवाल्यांनी!" मी मागे वळून खरं काय ते सांगितलं. "असंल वहिनी," असं म्हणून त्यांनी मुठी वर केल्या. डावी पुढे. दुसऱ्या दिवशी मंडळाने पुतळ्याशेजारी जुना फ्लेक्स आणून लावला. फोटो काढायची गर्दी तिकडेच असायची.

विसर्जनानंतर पुतळा व्यायामशाळेला द्यायचं ठरलं होतं. त्यांनी नको म्हटलं, भिंतीवरच्या चित्राशी जुळत नाही. मग टेम्पोने तो रोह्यालगतच्या वरसेतल्या माझ्या घरी आला. पुढे काढलेला उजवा हात दारातून जाईना, तेव्हा तिरका करून आत घेतला. आता तो हॉलमध्ये उभा आहे. त्याच्यासाठी सोफा भिंतीला लावावा लागला. एकाच माणसाची बसायची जागा राहिली आहे. तेवढी पुरते.