वहीतली सातुर्निना

"अवं सायेब, मी जर पलीकडं पेरू देशात हाय, तर हितं तुमच्या म्होरं कोन हुबं हाय? माझं भूत?" चीज विकणारी सातुर्निना चोके सीमेवरच्या पुलाशी, बोलिव्हियाच्या चौकीच्या खिडकीला हातगाडी टेकवून तडकली.

"मावशे, वहीत तसंच हाय," अधिकारी एफ्राइन म्हणाला. "शुक्रवारी तुझ्या जान्याचा शिक्का बसलाय, येन्याचा न्हाई. गेलेल्या मानसाला पुन्यांदा कसं जाऊ देऊ?"

बाजारकरणींना नदीच्या दोन्ही काठांवर शिक्का कुणी विचारत नसे. नव्यानंच रुजू झालेल्या एफ्राइननं शुक्रवारी सकाळी हौसेनं तो मारला होता. त्याच संध्याकाळी ती परतली तेव्हा खिडकीत चिटपाखरू नव्हतं. अन् पलीकडच्या खानावळी दहाच्या आत चीज घेतात, मग नाव काढत नाहीत. आता तर पावणेदहा झाले होते.

सातुर्निनानं हॅट डोक्यावर दाबली. "बरं, मी तिकडंच. मंग हितं नसलेल्या बाईला अडवायचं कलम दावा."

एफ्राइननं नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. "तसं काय न्हाई बा," तो ओशाळला.

"मंग सरका."

कागदोपत्री आधीच पोचलेली सातुर्निना गाडी ढकलत पूल उतरली आणि पहिल्याच खानावळीपुढं ओरडू लागली, "चीज घ्या, ताजं चीज!"