नानांनी काढलेला एसी

प्रिय अनया आणि निहार,

तुमच्या नानाआजोबांच्या गाडीचा फोटो मी पाठवला, तेव्हा निहारने विचारलं की डॅशबोर्डवर एसीच्या बटणांच्या जागी पत्र्याची कोरी पट्टी का आहे. मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगायला घेतलं की तुमच्याकडे कोणीतरी दार वाजवतं आणि गोष्ट अर्धी राहते. शिवाय नानांना जाऊन आता वर्ष होईल. तुम्ही त्यांना सुट्टीतल्या चार भेटींपुरतेच ओळखता. मी त्यांची वहिनी, तुमच्या आजोबांच्या या धाकट्या भावाला मी माझ्या लग्नापासून पाहत आले.

नाना कुठलीही वस्तू डोळ्यांनी पाहण्याआधी हातात उचलून पाहत. दुकानात कुलूप घ्यायचं असो की लग्नात मिळालेलं भांडं, ते तळहातावर दोनदा वरखाली करत आणि मत देत. बहुतेक वेळा मत एकच असे: "जड आहे." सभागृहातून बाहेर पडताना वक्त्याबद्दलही हेच. पिंपरीच्या कारखान्यात ते यंत्रांचे भाग आखत असत, आणि भागातला अनावश्यक धातू कमी करणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. "जे काम करत नाही ते जड," असं ते म्हणत. आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसकडे पाहून म्हणत तेव्हा मला राग येई.

निवृत्तीनंतर त्यांनी कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडून ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोन सीटा, पुढे लांब नाक. डॉक्टरांनी ती कित्येक वर्षं कापडाखाली झाकून ठेवली होती. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती आली तेव्हा वॉचमनसकट सगळे खाली जमले. सुमनने, म्हणजे नानांच्या बायकोने, गाडीभोवती एक फेरी मारली.

"मागे बसायला जागा नाही?"

"नाही," नाना म्हणाले.

"बरं झालं. वाटेत कोणाला घ्यायला नको."

सुमनला ऊन सोसत नसे. डोक्यात ऊन गेलं की अर्धशिशी उठे आणि ती दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राही. सगळा संसार तिने स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर पिशव्या घेऊन केलेला. घरात एसी नव्हता, कारण नानांच्या मते पुण्यात त्याची गरज नव्हती. त्यामुळे या गाडीतला एसी हा तिच्या वाट्याला आलेला पहिला आणि एकुलता एक. आणि तो उत्तम चालत असे. दर शनिवारी दुपारी जेवणं झाली की दोघं काचा वर करून निघत, पौड रस्त्याने बाहेर पडत आणि चहाला परत येत. सुमन मला म्हणाली होती, "ताई, तिथे बेल वाजत नाही, कुकर होत नाही. तिथे हे बोलतात." घरात नाना फारसे बोलत नसत.

मग जुन्या गाड्यावाल्यांच्या एका मंडळात नाना जायला लागले. ही मंडळी वर्षातून एकदा शहराबाहेरच्या एका खासगी रस्त्यावर टेकडी चढायची शर्यत लावत. एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. पहिल्या वर्षी नाना त्यांच्या गटात शेवटून दुसरे आले. त्यांनी इंजिनाला दोष दिला नाही, वजनाला दिला. जादा चाक घरी राहायला लागलं, मग गालिचा निघाला, मग रेडिओ. त्या एप्रिलमध्ये सुमन बहिणीकडे नागपूरला गेली आणि नानांनी एसी काढायला घेतला.

काम त्यांनी नेहमीप्रमाणे नीट केलं. एसीतला वायू हवेत सोडायचा नसतो म्हणून दुकानात नेऊन तो यंत्राने काढून घेतला. बाकीचं सोसायटीच्या पार्किंगमध्ये. कॉम्प्रेसर, पुढची जाळी, पाईप, डॅशबोर्डच्या पोटातली पेटी. प्रत्येक भाग निघाला की ताणकाट्याला लटकवून वजन. मी भाजी घेऊन येत होते तर मला थांबवून म्हणाले, "वहिनी, तांदळाचं एक पोतं आम्ही विनाकारण घाटात चढवत होतो."

"सुमनला विचारलंत का?"

"नटबोल्ट आहेत हो. जे उघडतं ते परत लावता येतं. तिला हवा असला तर सांगेल."

मे महिन्यातल्या भर दुपारी सुमनला आणायला ते त्याच गाडीने स्टेशनवर गेले. सुमन आत बसली, नेहमीप्रमाणे हात डॅशबोर्डवरच्या जाळीसमोर धरला.

"बिघडला?"

"काढला."

कोथरूडपर्यंत ती डोक्यावर पदर ओढून बसली. फाटकाशी उतरताना म्हणाली, "छान झाली आहे तुमची गाडी. आता तुम्हीच बसा." आणि ती दोन दिवस अंधाऱ्या खोलीत होती. तिसऱ्या दिवशी उठून तिने नेहमीसारखा स्वयंपाक केला. भांडण असं झालंच नाही. फक्त ती त्या गाडीत बसेना. लग्नकार्याला जायचं तर नाना गाडीने जात आणि सुमन माझ्याबरोबर रिक्षाने.

मी मध्यस्थी करून पाहिली. सुमन म्हणाली, "काढताना मला विचारलं नाही. लावा म्हणून मी का मागू?" नाना म्हणाले, "मी विचारलं की ती नको म्हणेल, वहिनी. मग खरंच नको होऊन बसेल." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि असं झालं की आपल्याकडे वर्षं जातात.

शर्यतीत नाना बरेच वर आले. घरी येऊन त्यांनी वेळ सांगितली. सुमन म्हणाली, "अभिनंदन. चहा टाकते."

शनिवार मात्र त्यांनी सोडला नाही. दुपारी ठरल्या वेळी ते एकटेच निघत. एकदा मी रिक्षातून येताना पौड रस्त्यावर एका झाडाखाली ती गाडी उभी दिसली. दोन्ही काचा खाली, नाना आत बसून वर्तमानपत्र वाचत होते. न राहवून मी ते सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे. दर शनिवारी तिथेच असतात."

पुढच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात त्यांच्या गाडीची समोरची काच आतून धुरकटली. ओल्या हवेत काच कोरडी ठेवायचं काम एसीच करत असतो. तो नव्हता, म्हणून नानांनी बाजूच्या काचा उघडल्या, पाऊस आत आला, तरी पुढचं दिसेना. शेवटी गाडी कडेला घेऊन ते पाऊस थांबण्याची वाट बघत बसले. घरी आले ते नखशिखांत भिजून. मी तिथेच होते. सुमनने टॉवेल पुढे केला आणि विचारलं, "म्हणजे काच एसी पुसायचा?"

"एका अर्थी, हो."

"मग तो काम करत होता."

नानांनी टॉवेल घेतला. डोकं पुसत बसले.

पाऊस संपल्यावर एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. सुमन बाजारात गेली होती. "वहिनी, स्टूल धरा," म्हणाले आणि माळ्यावर चढले. एसीचे सगळे भाग जुन्या चादरींत गुंडाळून, वर नावं लिहून ठेवलेले होते. एकेक करून खाली घेतले. नानांनी कॉम्प्रेसर जमिनीवर ठेवला, चादर सोडली आणि त्याचं चाक हाताने फिरवून पाहिलं. ते फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही. मग त्यांनी पाईपांची टोकं पाहिली, आणि खाली फरशीवरच बसले.

"तोंडं बांधायची राहिली," ते म्हणाले. उघड्या तोंडांतून दोन पावसाळ्यांची दमट हवा आत गेली होती. आत सगळं गंजून धरलं होतं. प्रत्येक भागाचं वजन केलेल्या माणसाच्या हातून एवढं राहिलं होतं.

"नवीन मिळत नाही?"

"या गाडीचा नाही. आता तिने मागितला तरी मला देता येणार नाही."

त्यांनी भाग परत वर ठेवले नाहीत. सुमन आली, भाजी खाली ठेवून मेथी निवडायला बसली. मी जायला उठले तर नाना म्हणाले, "बसा, वहिनी." मग तिच्यासमोर खुर्ची घेतली.

"सुमन, मी एसी परत लावायला काढला होता. लागत नाही. माझ्याच चुकीने गेला."

सुमनने हातातली जुडी संपवली. "लावायचं कधी ठरवलंत?"

"घाटातून आलो त्या दिवशी."

"तेही मला न विचारता."

"हो."

"म्हणजे काढलात न विचारता, लावणार होतात न विचारता, आणि गेला तेव्हा सांगताय."

"हो," नाना म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढे हो मी एका दमात कधी ऐकले नव्हते.

सुमनने दुसरी जुडी सोडली. मग म्हणाली, "सकाळी लवकर निघालं तर ऊन लागणार नाही. काचा खाली करायच्या." निवडलेली मेथी बाजूला सारत, "पण माझं वजन चालणार आहे का तुमच्या गाडीला?"

"पावसात काच पुसायला कोणीतरी लागतंच," नाना म्हणाले.

सुमन हसली. मला आता जायला हरकत नव्हती.

पुढच्या शनिवारपासून दोघं उजाडता उजाडता निघायला लागले. कधी पानशेतच्या बाजूला, कधी मुळशीला. पावसाळ्यात सुमनच्या मांडीवर सुती फडकं असे. शर्यतीला नाना तिला शेजारी बसवून उतरले आणि सगळ्यांत शेवटी आले. मंडळातल्या लोकांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आम्ही बोलत होतो." काही वर्षं अशी गेली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी नाना झोपेतून उठले नाहीत. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलांनी गाडी विकायचा विषय काढला. सुमन नको म्हणाली, एवढंच. तिला गाडी येत नाही. मला येते, तुमच्या आजोबांनी लग्नानंतर शिकवली होती. तेव्हा आता शनिवारी पहाटे मी चालवते आणि सुमन शेजारी बसते. काचा खाली असतात. नानांच्या मानाने मी फार हळू चालवते, असं ती दर वेळी सांगते. ऊन वर यायच्या आत आम्ही परत असतो. गाडी जमिनीलगत असल्याने उतरायला त्रास होतो. आधी मी उतरते, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिला हात देते.

तुमची,
आजी